रात्रीचा वाडगा : दोन लहान मुलं, एक कुकर

९ जून २०२५, सोमवार

आजपासून लिहून ठेवतो. संध्याकाळचा स्वयंपाक आता माझ्याकडे आहे. बायको परिचारिका आहे, या महिन्यापासून तिची ड्यूटी दुपारी दोन ते रात्री नऊ. वहिनी ऑफिसातून साडेसातला येतात, दादा आठवडाभर मुंबईत असतो. सकाळचं सगळं आई करते, पण गुडघे दुखत असताना तिने संध्याकाळी पुन्हा ओट्याशी उभं राहू नये, हे तिला कसंबसं पटवलं आहे.

मी पावणेसातला घरी पोचतो. पुतण्या सव्वातीन वर्षांचा. याच महिन्यात बालवाडीत जायला लागेल. त्याला सातला भूक लागते आणि सव्वासातला तो रडायला लागतो. धाकटी, म्हणजे माझी लेक, एक वर्ष आठ महिन्यांची. ती साडेआठला झोपते. या एवढ्या वेळात ताजं, दोघांनाही चावेल असं आणि मोठ्यांनाही चालेल असं जेवण व्हायला हवं.

गेल्या आठवड्यात मी रोज चार वेगळ्या गोष्टी करत होतो. धाकटीला गुरगुट्या भात, पुतण्याला पोळीचा रोल, आईला भाकरी, आम्हाला भाजी. सव्वा तास जायचा आणि मुलं जेवायची तेव्हा मी गॅससमोर. असं नको आहे मला. मुलं जेवताना मला त्यांच्या शेजारी बसायचं आहे.

म्हणून आराखडा असा: एक कुकर. प्रत्येकाला एक वाडगा, त्यात चार गोष्टी. आधार (भात, खिचडी, कण्या, भगर), जोर (डाळ, कडधान्य, अंडं, पनीर), भाजी, आणि वरून काहीतरी (तूप, मेतकूट, दाण्याचं कूट, लिंबू, दही). पहिल्या तीन गोष्टी मी ठरवणार. वरचं ज्याचं त्याने निवडायचं.

१० जून, मंगळवार

पहिला दिवस. तांदूळ, मूगडाळ, गाजर, पालक, सगळं एकत्र कुकरला लावलं आणि रवीने घोटलं. धाकटीने अर्धा वाडगा खाल्ला. पुतण्याने चमचा लावून पाहिला, वाडगा पुढे सारला आणि म्हणाला, "काका, हे सगळं एकमेकांना चिकटलंय."

त्याचं म्हणणं मी अजून मनात घोळवतोय. घोटलेल्या खिचडीत त्याला काय आवडतं आणि काय नाही हे शोधायला जागाच नाही. हिरवं नको असेल तर त्याला सगळंच सोडावं लागतं. काही आजारपण असेल किंवा दात येत असतील तर घोटून देणं ठीक. रोज मात्र कालवायचं की नाही हे जेवणाऱ्याने ठरवावं.

१२ जून, गुरुवार

कुकरची मांडणी जमली. खालच्या डब्यात तांदूळ एक वाटी, पाणी तीन वाट्या. मधल्यात मूग आणि मसूर डाळ निम्मी-निम्मी, हळद, हिंग, थेंबभर तेल. वरच्या डब्यात पाणी न घालता लाल भोपळ्याच्या आणि दुधीच्या बोटाएवढ्या फोडी. चार शिट्ट्या, मग वाफ आपोआप जिरू द्यायची. एकूण पंचवीस मिनिटं, आणि त्यातली अठरा मी मुलांसोबत जमिनीवर बसून होतो.

फोडी बोटाएवढ्या ठेवण्यामागे कारण आहे. धाकटी मुठीत धरून खाते. बारीक चिरलं तर तिला उचलता येत नाही, मग ती चिडते आणि भरवून घेते. लांब फोड मुठीतून वर डोकावते, ती ते टोक चावते. मऊपणाची माझी परीक्षा सोपी आहे: फोड अंगठा आणि तर्जनीत धरून दाबली की चेपली पाहिजे.

आज वाडग्यात तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या. पुतण्याने भात आणि वरण वेगवेगळं खाल्लं, दोन्ही संपवलं. धाकटीने भोपळा खाल्ला, तूपभात खाल्ला, दुधी जमिनीवर टाकला.

दुधी : पहिली वेळ. नवी चव मुलाला आपली वाटायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, असं बायको सांगते. बालआहारावरच्या अभ्यासांतही हे पुन्हा पुन्हा आलेलं आहे. म्हणून दुधीची मोजणी ठेवणार.

१५ जून, रविवार

आईबरोबर मेतकूट केलं. हरभरा डाळ एक वाटी, उडीद डाळ अर्धी, तांदूळ आणि गहू पाव-पाव वाटी, धणे दोन चमचे, जिरं एक चमचा, मेथीदाणे अगदी दहा-बारा, हळद, हिंग, सुंठ. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत भाजायचा. मी घाईने उडीद आणि हरभरा एकत्र टाकायला निघालो तर आईने हात धरला. "अरे, उडीद लवकर भाजतो. हरभरा कच्चा राहील आणि पोरांचं पोट दुखेल." मोहरी आणि मिरची मुलांसाठी वगळली. मीठही घातलं नाही, ते मोठ्यांच्या ताटात वरून घेता येतं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात जास्तीत जास्त दोन ग्रॅम मीठ पुरे, असं ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते. एक पाव, एक बिस्किटाचा पुडा आणि आपल्या हाताचं वरण एवढ्यात ते होऊन जातं.

दुपारी मूग आणि मटकी भिजत घातली. रात्री फडक्यात बांधून ठेवीन, मंगळवारी मोड आलेले असतील.

१८ जून, बुधवार

ही नोंद मोठी होणार.

सोमवारी आणि काल धाकटीने जवळजवळ काहीच खाल्लं नाही. काल मी मोबाईलवर गाणी लावून तिला भरवलं. तिचं तोंड उघडत होतं, डोळे पडद्यावर होते, घास कुठून येतोय हे तिला कळतही नव्हतं. अर्धा वाडगा संपला आणि मला अतिशय वाईट वाटलं.

रात्री बायको आल्यावर आम्ही दिवसभराचं कागदावर मांडलं. आईला विचारून, वहिनींना विचारून. सकाळी दूध २०० मिली. अकराला जेवण. दुपारी झोपेआधी २५० मिली. साडेपाचला आई चहा घेते तेव्हा शेजारी बसून दोन-तीन बिस्किटं आणि पुन्हा २५० मिली दूध. म्हणजे दिवसाला ७०० मिली. साडेसातला तिला भूक असणारच कशी? वाडग्यात काय आहे याच्याशी याचा काही संबंध नव्हता. मी आठवडाभर भाज्या बदलत बसलो होतो आणि उत्तर साडेपाचच्या पेल्यात होतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मागच्या महिन्यात लसीकरणाला गेलो तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. हिमोग्लोबिन कमी आलं आणि लोहाचे थेंब सुरू झाले. तेव्हा फार धक्का बसला होता. नंतर बायकोने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा आकडा दाखवला: २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शंभरात जवळजवळ ६९ मुलांना रक्तक्षय. आपल्या घरात दूध-तूप भरपूर, म्हणून हे आपल्याकडे नसणार असं मी धरून चाललो होतो. पण दुधात लोह नगण्य असतं, दुधाने पोट भरलं की डाळ-भाजीला जागा उरत नाही, आणि दुधातलं कॅल्शियम जेवणातल्या लोहाच्या आड येतं. थेंबही आम्ही दुधाच्या आधी-नंतर लगेच देत होतो. तेही चुकत होतं.

ठरलेले बदल: दूध दिवसाला ४०० मिलीच्या आसपास, आणि कपाने. साडेपाचला दूध-बिस्किटाऐवजी केळं किंवा चिकू. साडेसहानंतर जेवण होईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. मोबाईल जेवणाच्या खोलीत नाही, माझाही नाही.

आईला हे सांगणं अवघड गेलं. साडेपाचचा चहा हा तिचा आणि नातीचा वेळ आहे, बिस्किट बुडवून देणं ही तिची माया. बायकोने मार्ग काढला: "आई, केळं तुम्हीच कुस्करून द्या ना, तुमच्या हातचं ती खाते." आई म्हणाली, "मग माझ्या चहाशेजारी बसू दे तिला. नुसतं बसू दे."

भरवण्याबद्दलही एक नियम घेतला. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी तो मांडला आहे: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ऐकायला सोपं आहे. साडेआठला उपाशी झोपणाऱ्या लेकीकडे पाहताना फार कठीण जाईल, हे मला माहीत आहे.

२० जून, शुक्रवार

काल धाकटी चार घास खाऊन उठली. मी काही बोललो नाही. झोपेआधी कपभर दूध घेतलं आणि झोपली, रात्री उठली नाही. आज मऊभात, वरण, दोन फोडी गाजर असं सगळं मिळून मुठीएवढं खाल्लं, स्वतःच्या हाताने. दुधी : तिसरी वेळ, बोटाने दाबून पाहिला.

२३ जून, सोमवार

मटकीची उसळ. मोड आलेली मटकी धुवून, वरचं जेवढं साल सुटतं तेवढं काढून, कुकरमध्ये तीन शिट्ट्या. जिरं, हळद, चिरलेला टोमॅटो, एक आमसूल. धाकटीच्या वाडग्यातली मटकी चमच्याच्या पाठीने ठेचली. मोड आणल्याने कडधान्यातलं फायटेट कमी होतं, ते लोहाला धरून ठेवत असतं. आणि वरून लिंबू, कारण वनस्पतींतलं लोह क जीवनसत्त्वाबरोबर जास्त चांगलं शोषलं जातं. आपल्याकडे वरणावर लिंबाची फोड ठेवतात, ती मी आजवर चवीपुरती धरली होती.

लिंबू पिळायचं काम पुतण्याने मागून घेतलं. आधी स्वतःच्या वाडग्यात, मग बहिणीच्या, मग आजीच्या ताटात. आजीने "वा, काय पिळलंस" म्हटल्यावर त्याने तिची उसळ चाखली, मग स्वतःची. वहिनी दारातून आत येत होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. "भाऊजी, याने उसळ खाल्ली?" पुतण्याला विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता. त्याने खाल्लं ते स्वतः पिळलेलं लिंबू, उसळ त्याच्यासोबत गेली.

'वरून'साठी आता चार छोट्या वाट्या ओळीत मांडतो: तूप, मेतकूट, तिळाचं कूट, लिंबू. चारच. परवा सहा ठेवल्या तर पुतण्या निवडता निवडता जेवायचं विसरला.

२७ जून, शुक्रवार

ज्वारीच्या कण्या. गिरणीतून ज्वारी भरडून आणली, पीठ चाळून टाकलं. अर्धा तास भिजवून, एकास पाच पाणी, सहा शिट्ट्या. वरून ताक आणि जिऱ्याची फोडणी. आईच्या माहेरी हे रोजचं होतं, तिने दोनदा घेतलं. धाकटीला कण्या पाचही बोटांनी गोळा करता येतात, भातासारख्या निसटत नाहीत.

नाचणीचं मात्र मंगळवारी बिघडलं. उकडीत गुठळ्या झाल्या आणि दोघांनीही तोंड फिरवलं. नाचणी सोडायची नाही: १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तांदळात जेमतेम दहा. दूध कमी केल्यावर ही भर हवीच. पुढच्या वेळी पीठ आधी गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात ओतीन, किंवा सरळ घावन करून पट्ट्या कापीन.

दुधी : चौथी वेळ. चाटला.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

भगर आणि दाण्याची आमटी. आज लक्षात आलं की उपासाचं हे ताट म्हणजे आमच्या आराखड्यातला वाडगाच आहे. आधार भगर, जोर दाण्याचा, वरून आमसुलाची आंबट चव. भगर दहा मिनिटांत शिजते, हे कामाच्या दिवशीही उपयोगी. आमटी मिरचीशिवाय केली आणि धाकटीची वाटी गूळ घालायच्या आधी बाजूला काढली. तिला दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत वरून साखर-गूळ नाही असं ठरवलं आहे. लाल भोपळ्याची भाजी बाजूला.

दुपारी एक गोष्ट घडली. पुतण्या प्रेमाने बहिणीला अख्खा भाजलेला दाणा भरवत होता. बायकोने झेप घेऊन तिच्या तोंडातून काढला. बायकोने दवाखान्यात श्वासनलिकेत दाणा अडकलेली मुलं पाहिली आहेत; ती बराच वेळ गप्प होती. आजपासून घरात शेंगदाणे आणि फुटाणे वरच्या फळीवर. मुलांना दाण्याचं फक्त बारीक कूट. द्राक्षं आली की उभी चिरून चार भाग, गाजर कच्चं द्यायचं तर किसून. धाकटीला चार-पाच वर्षांची होईपर्यंत हेच. पुतण्याला रागावलो नाही. त्याला दुसरं काम दिलं: बहिणीला तुपाचा थेंब घालायचा.

११ जुलै, शुक्रवार

आषाढ आहे तोवर आमच्याकडे अंडी चालतात. आठवड्यातून दोनदा अंड्याचा वाडगा करतो आहे. दोन अंडी, किसलेला दुधी, चिमूटभर हळद, तव्यावर जाडसर ऑम्लेट, झाकण ठेवून पूर्ण शिजवलेलं. लांब पट्ट्या. आधार म्हणून कालच्या भाताचा फोडणीचा भात.

शिळ्या भाताबद्दल बायकोचा नियम कडक आहे. शिजलेला भात ओट्यावर संध्याकाळभर राहिला तर त्यात एक जिवाणू वाढतो आणि त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात ताटात पसरून गार करायचा, तासाभरात फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा. विसरला तर टाकायचा. अन्न टाकताना आईचा जीव खालीवर होतो, पण यात तिने वाद घातला नाही.

दुधी : सहावी वेळ. ऑम्लेटमधला धरायचा की नाही? बायको म्हणते लपवलेला मोजू नको, तिला दुधी दिसला पाहिजे. बरोबर आहे. म्हणजे पाचवरच.

१७ जुलै, गुरुवार

बस पावसात अडकली, घरी सात वीसला पोचलो. कुकर लावला तर रिंगमधून सगळी वाफ बाहेर, शिट्टी होईना. पुतण्या रडायला लागलेला, धाकटी पायाला मिठी मारून.

जाडे पोहे धुवून पाच मिनिटं ठेवले. दही, थोडं दूध, मेतकूट, किसलेली काकडी, वर जिऱ्याची फोडणी. फ्रीजमध्ये सकाळचं घट्ट वरण होतं, ते उकळून वाटीत. सात पस्तीसला दोघं जेवत होती. मेतकूट करून ठेवलेल्या त्या रविवारचं आज चीज झालं. हा आता 'अडचणीचा वाडगा' म्हणून कागदावर लिहून फ्रीजला लावला आहे, वहिनींना किंवा दादाला करावा लागला तर मला फोन करायची गरज पडू नये. जाडे पोहे, दही, मेतकूट, पनीरचा एक तुकडा, हे घरात कायम हवं.

रिंग उद्या आणायची.

२४ जुलै, गुरुवार, दीप अमावास्या

आईने सकाळीच दिवे घासून पुसून पाटावर मांडले. संध्याकाळी कणकेचे दिवे मी केले, तिच्या देखरेखीखाली. मोठ्यांचे आणि पुतण्याचे गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेचे, धाकटीचे उकडलेल्या लाल भोपळ्यात मळलेले. पंधरा मिनिटं वाफवले. तूप दिव्यातच ओतायचं असल्याने वाटी लागली नाही. मुगाचं कढण बरोबर. पुतण्याने आपला दिवा मोडून एक कोपरा बहिणीला देऊ केला आणि मग आपणहून माझ्याकडे पाहून विचारलं, "हे तिला चालतं?" कणीक मऊ होती, कोपऱ्यात गूळ अगदी थोडा. मी हो म्हटलं.

उद्यापासून श्रावण. अंडी बंद, त्यामुळे 'जोर'ची यादी पुन्हा मांडली: मूग, मटकी, मसूर, पनीर, दाण्याचं कूट, दही.

३१ जुलै, गुरुवार

काल धाकटीची तपासणी झाली. हिमोग्लोबिन वाढलं आहे, अजून पुरेसं नाही. थेंब चालू ठेवायचे, जेवणाआधी, लिंबाच्या पाण्याबरोबर, दुधापासून लांब. डॉक्टरांनी तिच्या जेवणाबद्दल विचारलं तेव्हा बायकोने ही वही दाखवली. त्यांनी दुधाची मोजणी दोनदा वाचली.

आजचा वाडगा: मऊभात, पालक घातलेलं मुगाचं वरण, उकडलेला दुधी. घावनाच्या पट्ट्या नाचणीच्या, यावेळी जमल्या. पहिले आठ घास कुणीही बोलत नव्हतं. पुतण्याने वरणभात कालवला, आजवर पहिल्यांदाच, आणि "काका, आता मला चिकटलेलं पाहिजे होतं" असं सांगितलं. धाकटीने मेतकुटाच्या वाटीकडे बोट दाखवलं, तूप नको म्हणून मान हलवली.

दुधी : नववी वेळ. तिने फोड उचलली, चावली, अर्धी गिळली. उरलेली अर्धी माझ्या वाडग्यात ठेवली.